मताची रीत आणि बाबासाहेब



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची म्हटलं की बाबासाहेबांवर एक लेख असतोच. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिर, नागपूरची दीक्षा या विषयांवर आपल्याकडची लहान पोरंसुद्धा भाषण ठोकतात. म्हणून यंदा संपादक मंडळाकडून मी एक वेगळी बाजू मागून घेतली. बाबासाहेबांनी आपल्याला मताचा अधिकार मिळवून दिला, असं आपण सगळेच म्हणतो. पण ते मत द्यायचं कसं, एकाला किती द्यायची, कुणाच्या बरोबर बसून द्यायचं, मोजायचं कोणत्या रीतीने आणि यादीत नाव घालायचं कुणी, या बारीकसारीक गोष्टींवर या महापुरुषाने आयुष्याची सदतीस वर्षं डोकं चालवलं, हे फारसं सांगितलं जात नाही.

विषय सुचायला कारण घरातलंच झालं. मागच्या एका निवडणुकीला आमच्या गल्लीतल्या एक आजी सकाळी सातलाच नवं पातळ नेसून केंद्रावर गेल्या आणि तासाभराने रडवेल्या होऊन परत आल्या. यादीत नाव नव्हतं. मुलगा उपनगरात राहायला गेला तेव्हा आजींचंही नाव कुणीतरी तिकडे नेऊन टाकलं होतं. आजी मात्र इथेच, कसब्यात. आपल्या जुन्या पेठेत हे घरोघर चाललंय. वाडे पडले, बिल्डिंगी उभ्या राहिल्या, माणसं भाड्याने दुसरीकडे गेली आणि नावं कुठल्या कुठे जाऊन पडली. बोटाला शाई न लागता परत आलेल्या त्या आजींकडे बघून मला बाबासाहेबांच्या १९४९ सालच्या एका कामाची आठवण झाली. ते पुढे ओघाने येईलच.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे झाला. वडील सुभेदार रामजी. साताऱ्याचं बालपण, मुंबईचं एल्फिन्स्टन हायस्कूल, १९१३ साली अमेरिकेतलं कोलंबिया विद्यापीठ, तिथून लंडन, हा प्रवास आपल्याला पाठ आहे. १९१८ च्या अखेरीस ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्याच सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात मताचा अधिकार कुणाला द्यायचा हे ठरवायला साउथबरो कमिटी नेमली होती. २७ जानेवारी १९१९ रोजी या कमिटीपुढे साक्ष द्यायला हा सत्तावीस वर्षांचा प्राध्यापक उभा राहिला. अस्पृश्य समाजातला इतका शिकलेला माणूस अशा कमिटीपुढे येऊन आकडेमोड मांडतो, हेच त्या साहेबांना नवीन असणार.

तेव्हा मत कुणाला होतं? जो जमिनीचा सारा भरतो, ज्याचं घरभाडं अमुक इतकं आहे, जो प्राप्तिकर देतो, त्याला. म्हणजे गावकुसाबाहेरच्या माणसाला नाहीच. बाबासाहेबांचा मुद्दा अगदी सरळ होता. ज्या माणसाला जातीमुळे दुकान टाकता येत नाही, जमीन मिळत नाही, त्याला मालमत्ता दाखव मग मत देतो असं म्हणणं म्हणजे पाय बांधून पळायला सांगणं. म्हणून अस्पृश्यांसाठी मताची अट खाली आणा आणि लोकसंख्येच्या प्रमाणात त्यांचे प्रतिनिधी त्यांनाच निवडू द्या, अशी त्यांनी मागणी केली. अशिक्षिताला मत कशाला, या नेहमीच्या प्रश्नालाही त्यांच्याकडे उत्तर होतं. मत देता देताच माणूस शिकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. कमिटीने ऐकून घेतलं, पण पदरात टाकल्या त्या सरकारी नेमणुकीच्या एक-दोन जागा.

नेमणूक म्हणजे काय याचा अनुभव पुढे त्यांनी स्वतः घेतला. १९२७ च्या सुरुवातीला ते मुंबई कौन्सिलात बसले ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. महार वतनाचं बिल, बाळंतपणाच्या रजेचा प्रश्न, शिक्षणाचा खर्च, सगळ्यांवर ते तुटून पडले. पण एकाही माणसाच्या मतावर ते तिथे गेलेले नव्हते, आणि हे त्यांना टोचत असे.

पुढच्या वर्षी हे प्रकरण आपल्या पुण्यात आलं. २३ ऑक्टोबर १९२८ रोजी सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांची साक्ष पुण्यात झाली. काँग्रेसचा कमिशनवर बहिष्कार होता, काळी निशाणं होती, आणि त्यांनाही लोकांनी नाही नाही ते ऐकवलं. त्यांनी जी मागणी मांडली ती नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचं बी तिथे आहे. सगळ्या सज्ञान स्त्री-पुरुषांना मत देत असाल, तर आम्हाला सर्वांच्या बरोबरच्या, म्हणजे संयुक्त मतदारसंघात राखीव जागा चालतील. पण मत मालमत्तेवरच ठेवणार असाल तर आम्हाला स्वतंत्र मतदारसंघ हवा. आपली माणसं यादीतच नसतील तर आपल्या नावाच्या राखीव जागेवर निवडून येणारा माणूस दुसऱ्यांच्या मर्जीतला असणार, हा त्यातला हिशोब. बाबासाहेब पहिल्यापासून वेगळं व्हायला निघाले होते असं अजूनही काही लोक म्हणतात. त्यांनी ही १९२८ ची मागणी वाचलेली नसते.

मग १९३० आणि १९३१ च्या गोलमेज परिषदा आल्या. १९३२ साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या लोथियन कमिटीवर बाबासाहेब सभासद होते. प्रौढ मतदान एवढ्या मोठ्या देशात राबवणं जमणार नाही, असं कमिटीने ठरवलं. म्हणजे १९२८ च्या मागणीची पहिली वाट बंद झाली आणि दुसरी उरली. ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा जाहीर झाला. त्यात अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा आणि दोन मतं मिळाली होती. एक मत आपल्या वेगळ्या मतदारसंघात आपला माणूस निवडायला, आणि दुसरं सर्वसाधारण मतदारसंघात, सगळ्यांच्या बरोबरीने. बाबासाहेब या दुसऱ्या मताला फार मोलाचं मानत. कारण सवर्ण उमेदवाराला त्या मतासाठी आपल्या वस्तीत यावं लागलं असतं, आपल्या उंबऱ्याशी उभं राहावं लागलं असतं.

पुढचं आपल्याला माहीत आहे. २० सप्टेंबरला गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केलं. येरवडा आपल्यापासून किती लांब? कसब्यातून निघालं की बंडगार्डनचा पूल ओलांडून तासाभरात पायी पोचता येतं. त्या आठवड्यात सगळ्या देशाचं लक्ष आपल्या या शहराकडे लागलं होतं. गांधीजींचा जीव गेला असता तर खेड्यापाड्यांतल्या आपल्या वस्त्यांचं काय झालं असतं, ते सांगायला नको. बाबासाहेबांच्या डोक्यावर हे ओझं होतं आणि समोर टेबलावर मताचे आकडे होते. २४ सप्टेंबरला करार झाला. ७१ च्या १४८ जागा झाल्या. जागा दुपटीने वाढल्या पण स्वतंत्र मतदारसंघ गेला, आणि ते दुसरं मतही गेलं.

त्याच्या बदली जी रीत आली ती समजायला जरा किचकट आहे. आधी एक प्राथमिक निवडणूक. तिच्यात फक्त अस्पृश्य मतदारांनी मत द्यायचं, एकाला एक मत, आणि सर्वांत जास्त मतं मिळवणारे चार जण पुढे जायचे. मग खरी निवडणूक, तिच्यात सगळ्या जातींच्या मतदारांनी त्या चारांतून एक निवडायचा. समजा एका मतदारसंघात दहा हजार मतदार आहेत आणि त्यांत आपले एक हजार. प्राथमिक फेरीत पहिल्याला सहाशे मतं पडली, दुसऱ्याला अडीचशे, तिसऱ्याला शंभर आणि चौथ्याला पन्नास. चौघेही पुढे गेले. आता बाकीच्या नऊ हजारांनी ठरवून त्या पन्नासवाल्याला मत दिलं, की तो निवडून आला! आपल्यातल्या साडेनऊशे लोकांनी नाकारलेला माणूस आपला प्रतिनिधी म्हणून मिरवणार. करारात ही प्राथमिक फेरी दहा वर्षांनी बंद व्हायची होती, म्हणजे तेवढासुद्धा आडोसा कायमचा नव्हता. पुणे कराराबद्दल बाबासाहेब पुढे जन्मभर जे कडू बोलले त्याचं मूळ या हिशोबात आहे. कराराच्या बाजूने आणि विरुद्ध आपल्याकडे पुष्कळ भांडणं होतात. माझ्या मते आधी हा हिशोब पाटीवर मांडावा आणि मग भांडावं.

रडत बसणारा हा माणूस नव्हता. दिलेल्या चौकटीत कोणती खिडकी उघडता येते ते त्यांनी शोधलं. १९३५ च्या कायद्याप्रमाणे मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी १५ राखीव होत्या आणि त्या एकेकट्या नव्हत्या. दोन-दोन, तीन-तीन जागांच्या मोठ्या मतदारसंघात एक राखीव, अशी मांडणी होती. अशा ठिकाणी मत कसं द्यायचं, यावर बाबासाहेबांचा आग्रह संचयी पद्धतीचा होता, आणि मुंबई प्रांतात ती लागू झाली. तीन जागा असतील तर प्रत्येक मतदाराला तीन मतं, आणि ती तिन्ही एकाच उमेदवाराला देण्याची मुभा. इतर लोकांना आपापल्या दोन-तीन उमेदवारांत मतं वाटावी लागायची. आपली माणसं मात्र तिन्ही मतं एकाच्याच पारड्यात टाकू शकत होती. हजार माणसांची तीन हजार मतं एका जागी पडली की पुणे करारातल्या त्या नऊ हजारांच्या खेळाला थोडा लगाम बसायचा.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत सतरा उमेदवार उभे केले. बहुतेक सगळे निवडून आले. खुद्द बाबासाहेब मुंबईत भायखळा-परळ भागातून उभे होते. त्यांच्यासमोर काँग्रेसने उभं केलं होतं पी. बाळू यांना. हे बाळू म्हणजे पळवणकर बाळू, हिंदुस्थानचे पहिल्या प्रतीचे क्रिकेटपटू. आपल्या पुण्याच्या क्लबात साहेबलोकांना गोलंदाजी करता करता ते पुढे आले, १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गाजले. तरुणपणी बाबासाहेबांना त्यांचा अभिमान वाटे. पुणे करारावर सही करणाऱ्यांत बाळूही होते. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली आणि बाळूंना ११,२२५. फरक दोन हजारांचा. मतं विखुरली असती तर काय झालं असतं, हे ज्याचं त्याने समजावं.

आता जरा पुढे जाऊ. १९४२ मध्ये शेड्युल्ड कास्ट फेडरेशन स्थापन झालं. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत फेडरेशनचा धुव्वा उडाला. जिथे प्राथमिक फेरीत फेडरेशनचे उमेदवार पुढे होते, तिथेही अंतिम फेरीत पडले. बाबासाहेबांनी हे आकडे गोळा करून ब्रिटिश सरकारपुढे ठेवले, पण ऐकायला कुणाला वेळ नव्हता. तेव्हा १५ जुलै १९४६ पासून फेडरेशनने सत्याग्रह सुरू केला तो पुण्यातच, स्टेशनजवळच्या कौन्सिल हॉलसमोर. मुंबई कायदेमंडळाचं अधिवेशन तिथे भरलं होतं. पुणे करार रद्द करा ही त्यातली एक मागणी होती. बाहेरगावांहून आलेले स्त्री-पुरुष जत्थ्याजत्थ्याने स्वतःला अटक करून घेत होते.

नेमक्या त्याच महिन्यात घटना समितीच्या निवडणुका होत्या. मुंबईच्या विधानसभेत फेडरेशनचा एकही माणूस नव्हता, त्यामुळे मुंबईतून दार बंद. इथे परत एक रीत कामी आली. घटना समितीचे सभासद प्रांतांच्या विधानसभांनी निवडायचे होते आणि पद्धत होती एकल संक्रमणीय मताची. नाव अवघड आहे, पण काम सोपं. आमदाराने उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. ठरलेल्या संख्येइतकी मतं मिळाली की माणूस निवडून आला, बहुमताची गरज नाही. बंगालच्या विधानसभेत २५० आमदार आणि घटना समितीच्या जागा ६०, म्हणजे साधारण चार आमदारांमागे एक जागा. तिथे जोगेंद्रनाथ मंडल होते. त्यांनी धडपड करून इतर अस्पृश्य आमदारांना वळवलं आणि बाबासाहेब बंगालमधून निवडून आले. साध्या बहुमताची पद्धत असती तर ते घटना समितीत गेलेच नसते. फाळणीमुळे ही जागा गेली, तेव्हा बॅरिस्टर जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून निवडून गेले. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले.

साउथबरोपुढे जे मागितलं होतं त्याच्या कितीतरी पुढचं आता त्यांच्या हातून लिहिलं गेलं. कलम ३२६, प्रत्येक सज्ञान माणसाला मत. तेव्हा वय एकवीस होतं. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ते अठरा झालं. कलम ३२५, सगळ्यांची एकच यादी आणि धर्म, वंश, जात किंवा स्त्री-पुरुष या कारणावरून कुणालाही त्या यादीबाहेर ठेवायचं नाही. आणि कलम ३२४, निवडणूक आयोग. गल्लीतल्या आजींवरून आठवलं होतं ते हेच. आधीच्या मसुद्यात प्रत्येक राज्याचा आपापला वेगळा आयोग असणार होता. जून १९४९ मध्ये बाबासाहेबांनी स्वतः उभं राहून ते बदलायला लावलं आणि सगळ्या देशाला एकच आयोग ठेवला. कारण त्यांनी तिथेच सांगितलं. काही प्रांतांत सरकारं परक्या भाषेच्या, परक्या वंशाच्या लोकांची नावं यादीत येऊच देत नाहीत, अशा तक्रारी आल्या होत्या. मत नाकारायला कायदा बदलावा लागत नाही, कारकुनाने नाव गाळलं तरी काम भागतं. गावच्या चावडीवर कोणत्या वहीत कुणाचं नाव लिहिलं जातं हे सुभेदाराच्या मुलाला सांगायला नको होतं.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणाबद्दल पुष्कळ बोललं जातं. प्रत्येक माणसाला एक मत आणि प्रत्येक मताला सारखं मोल, हे राजकारणात आलं पण समाजात आणि पैशाअडक्यात येणं बाकी आहे, हा त्यातला इशारा. विहारात बसून हा लेख वाचणाऱ्यांनी त्याच भाषणातली दुसरी एक गोष्ट लक्षात घ्यावी. लोकशाहीची रीत भारताला परकी नाही हे दाखवताना बाबासाहेबांनी उदाहरण दिलं ते बौद्ध भिक्षूंच्या संघाचं. ठराव कसा मांडायचा, गणसंख्या किती हवी, मतं कशी मोजायची याचे नियम संघाकडे होते. विनयपिटकात ते आजही वाचायला मिळतात. मतभेद मिटला नाही की शलाका, म्हणजे रंगीत काड्या वाटायच्या, एका बाजूच्या एका रंगाच्या, दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्या. वाटणारा भिक्षू पक्षपात न करणारा, न घाबरणारा असा निवडायचा. काड्या उघडपणे घ्यायच्या, गुपचूप घ्यायच्या की कानात सांगून घ्यायच्या, याचेही तीन प्रकार. अडीच हजार वर्षांपूर्वी गुप्त मतदान! आपल्या विहाराच्या कमिटीची निवड हात वर करून होते, त्यावर दरवर्षी कुरबूर होते. काड्यांचा विचार करायला हरकत नाही.

पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी चार महिने चालली. मतदार सतरा कोटींच्या वर, त्यांतले बहुतेक निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी आणि पेटीवर चिन्हाचं चित्र. कागदावर काही खूण करायची नाही, कागद नुसता पेटीत टाकायचा. फेडरेशनचं चिन्ह हत्ती, काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड. यादी करताना उत्तरेकडच्या प्रांतांत एक गंमत झाली. गंमत कसली, दुःखाचीच गोष्ट. बायकांनी परक्या माणसाला आपलं नाव सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. नुसत्या अशा नावावर मत देता येणार नाही, असं आयोगाने ठरवलं आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं गेली.

बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलावरून मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता आणि उत्तर मुंबईतून ते लोकसभेला उभे राहिले. हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका. पण रीत आता १९३७ ची नव्हती. नव्या कायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे दोन्ही मतं एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. एका पेटीत दोन्ही टाकली तर मोजताना एकच धरायचं आणि दुसरं बाद. हा कायदा कायदेमंत्री म्हणून खुद्द बाबासाहेबांनीच लोकसभेच्या आधीच्या सभागृहातून पार करून नेला होता. संचयी मताचा एवढा पुरस्कर्ता, आणि त्याच्याच हातून ती रीत गेली. सरकारात राहून सगळंच आपल्या मनासारखं होत नाही, एवढंच मी म्हणेन.

फेडरेशनची आणि समाजवादी पक्षाची युती होती. एक मत हत्तीला, एक झाडाला, म्हणजे बाबासाहेब आणि अशोक मेहता. जानेवारी १९५२ मध्ये निकाल लागला. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांना १,३८,१३७ मतं आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. १४,५६१ मतांनी घटनेचे शिल्पकार पडले. आणि बाद झालेली मतं किती? ७४,३३३. पराभवाच्या फरकाच्या पाचपट!

आपल्या लोकांत याला शब्द होता, मतं कुजवणं. दुसरं मत कुणाच्या कामी येऊ नये म्हणून मुद्दाम वाया घालवायचं. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी मिळून निवडणूक अर्ज केला. कम्युनिस्ट उमेदवार श्रीपाद अमृत डांगे यांच्या बाजूने दोन्ही मतं एकाच पेटीत टाकायला लोकांना सांगितलं गेलं आणि हा गैरप्रकार आहे, असा त्यात दावा होता. न्यायाधिकरणाने तो फेटाळला. मला मात्र असंही वाटतं की त्या ७४ हजारांतले काही जण आपल्याच माणसांपैकी भोळेपणाने चुकलेले असतील. पंधरा वर्षांपूर्वी सगळी मतं एकालाच टाका असं शिकवलेलं, आता एकेकच टाका असा नियम. जुनी माणसं, गिरणीच्या पाळीवरून थेट रांगेत आलेली, बाबासाहेबांवर जीव टाकणारी. हातात दोन कागद, समोर हत्ती. दुसरा कागद झाडाच्या पेटीत टाकायला मन झालं नसेल. हा माझा तर्क आहे, आकडा देऊन सिद्ध करता येणार नाही.

हीच रीत सोलापुरात नीट चालली, हेही सांगायला हवं. तिथे फेडरेशनतर्फे आपल्या पुण्याचे पां. ना. राजभोज आणि दुसऱ्या जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे, दोघेही निवडून आले.

१९५२ मध्येच बाबासाहेब राज्यसभेवर गेले. तिथे पुन्हा पसंतीच्या मताची पद्धत होती आणि थोड्या आमदारांच्या बळावर जाता आलं. तरी लोकांच्या मतावर लोकसभेत जायचं मनात राहिलं होतं. मे १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली, तीही दोन जागांची. तब्येत खचलेली, मधुमेहाने पाय दुखत, वैदर्भीय उन्हाळा. तिथली एक आठवण आपल्या लोकांत सांगितली जाते. काही कार्यकर्ते म्हणाले की आपल्या लोकांना दुसरं मत कुजवायला सांगू, म्हणजे बाबासाहेबांची जागा सोपी होईल. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. ज्याने मताचा अधिकार लिहिला त्याने मत वाया घालवा म्हणून सांगायचं नाही, हरलो तरी चालेल. अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून थोड्या जास्त मतांनी पडले.

१९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी मताच्या रीतीवर शेवटचं म्हणणं मांडलं. दोन-तीन जागांचे मतदारसंघ ठेवा आणि संचयी मत द्या, म्हणजे अल्पसंख्याकांना राखीव जागांची कुबडी लागणार नाही, असं त्यांचं मत झालं होतं. त्याच वर्षी फेडरेशनने कायदेमंडळांतल्या राखीव जागा बंद करा असा ठराव केला. हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं.

१९५७ ची निवडणूक तीन महिन्यांवर होती. संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर फेडरेशनचे हत्ती पुन्हा पेट्यांवर चढले, दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेत गेले. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले आणि सगळीकडे एक मतदारसंघ, एक आमदार, एक मत झालं. बाबासाहेबांनी सुचवलेली संचयी पद्धत परत आली नाही.

दीक्षा घेतलेल्यांचं मत कायम होतं, पण राखीव जागेवर उभं राहण्याचा हक्क गेला. १९६२ च्या निवडणुकीत नागपुरातल्या राखीव जागेवर निवडून आलेले डी. पी. मेश्राम यांनी बौद्ध धर्म स्वीकारला आहे या कारणावरून सर्वोच्च न्यायालयात त्यांची निवड रद्द झाली. बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश करणारा कायदा व्हायला १९९० साल उजाडावं लागलं.

आमच्या गल्लीतल्या आजींचं नाव परत कसब्यात आणायला दोन अर्ज आणि चार खेपा लागल्या. नाव आलं, पण वय छापलं सव्वीस. आजी म्हणाल्या राहू द्या.